केसपेपर संगणकावर नेताना: कोल्हापूरच्या छोट्या दवाखान्यांसाठी पायरीपायरीने

शाहूपुरीत, राजारामपुरीत किंवा गंगावेशीत कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी संगणक दिसतो, पण तो बहुधा बिलाच्या टेबलावर असतो. रुग्णाची माहिती मात्र अजून त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतूनच फिरते. चंदगडहून किंवा राधानगरीहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गुंडाळी झालेला एक्स-रे, शाई उडालेली ईसीजीची पट्टी आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटे असतात. पिशवी घरी राहिली की डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून विचारावे लागते, झालेल्या तपासण्या पुन्हा होतात, आणि कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठली होती हे तर कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख एका डॉक्टरच्या दवाखान्यापासून वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत सगळ्यांसाठी आहे. सिस्टर, रिसेप्शनवरची मुले-मुली, लॅबवाले यांनी तो जरूर वाचावा, कारण खरे काम त्यांच्याच हातून होते. माझे म्हणणे एकच आहे. संगणकाचा उपयोग झाला की नाही, हे बिल किती लवकर निघते यावरून ठरवू नका. जो रुग्ण परत यायला हवा होता आणि आला नाही, त्याचे नाव तुम्हाला आज कळते का, यावरून ठरवा.

पायरी १: आधी दुखणे निवडा, सॉफ्टवेअर नंतर

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर रुग्णाची वाट काढा: दार, केसपेपर, वजन-बीपी, डॉक्टर, लॅब, परत डॉक्टर, मेडिकल, घर. प्रत्येक टप्प्यावर माहिती कोण कुणाला देते आणि ती तोंडी देते की लिहून, एवढेच लिहा. जिथे ‘तोंडी’ आले तिथे लाल खूण करा. लाल खुणा साधारण तीन ठिकाणी दाटतात: रुग्ण घरी गेल्यावर आलेला लॅबचा रिपोर्ट, रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळच्या सिस्टरला सांगितलेले, आणि डिस्चार्जच्या वेळी घाईत समजावलेल्या गोळ्या.

यातले एकच दुखणे आधी हातात घ्या. सुरुवातीला बीपी आणि शुगरचे रुग्ण घ्यावेत असे मला वाटते, कारण ते दर महिन्याला यायचे असतात आणि कागदावर त्यांचा माग राहत नाही. कपाटातून शंभर केसपेपर काढा आणि प्रत्येकावर तीन गोष्टी बघा. पुढची तारीख लिहिली आहे का? रुग्ण त्या तारखेच्या आसपास आला का? शेवटचा बीपी किंवा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) नोंदवलेला आहे का? हे आकडे आजच वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हेच पुन्हा मोजायचे आहे. नाहीतर संगणक आल्याने रुग्णाचे काही बरे झाले की नुसता खर्च झाला, हे कधीच कळणार नाही.

पायरी २: समोरचा माणूस नक्की कोण?

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. इथे गफलत झाली की पुढचे सगळे चुकीच्या माणसाच्या नावावर जमा होते.

करवीर तालुक्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या यादीत नुसते ‘सुनीता पाटील’ टाकून बघा, पडदा भरून नावे येतील. आपल्याकडचे पोवार इंग्रजी अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी टंकले जातात, त्यामुळे एकाच माणसाची तीन खाती तयार होतात. लग्न झालेल्या बाईचा जुना रिपोर्ट माहेरच्या नावावर असतो. जन्मतारीख ठाऊक नसली की रिसेप्शनवर सरसकट १ जानेवारी टाकली जाते. गावाचे नाव ‘शिरोली’ सांगितले तर ती शिरोली पुलाची की शिरोली दुमाला, हे विचारावेच लागते. आणि मोबाइल नंबर हा घरातल्या पाच जणांचा एकच असतो.

म्हणून रिसेप्शनवर चार नियम लावा.

नवीन नोंद करण्यापूर्वी शोध घ्यायचाच. आधी मोबाइल नंबराने, मग नाव, जन्मवर्ष आणि गाव मिळून. ‘आधी कधी आला होता का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. दहा वर्षांपूर्वी आलेला माणूस ‘नाही’ म्हणून जातो.

नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत नोंदवा. मधले नाव म्हणजे वडिलांचे की नवऱ्याचे, तेही लिहा. बाईंचे माहेरचे आडनाव वेगळ्या रकान्यात घ्या. जन्मतारीख ठाऊक नसेल तर फक्त अंदाजे वर्ष टाका आणि ते अंदाजे आहे अशी खूण करा.

मोबाइल कुणाचा, ते विचारा. ‘आक्का, हा नंबर कुणाचा?’ ‘माझ्या ल्योकाचा हाय, त्यो पुण्याला असतोय.’ मग पुण्याच्या मुलाला फोन करून आक्कांच्या गोळ्या संपल्या का हे कळणार नाही. शेजारी राहणाऱ्या सुनेचा किंवा पुतण्याचा दुसरा नंबर घ्या, आणि त्यांच्याशी आजाराबद्दल बोललेले चालेल का हेही तिथेच विचारून लिहा.

इंजेक्शन देताना, रक्त काढताना, रक्त चढवताना दोन खुणा पटवा: पूर्ण नाव आणि जन्मवर्ष, किंवा नाव आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांक. ‘तुम्ही सुनीता पाटीलच ना?’ असे विचारू नका. कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो. ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असेच विचारायचे.

इथेच ‘आभा’ क्रमांकाचा उपयोग होतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्यात प्रत्येकाला १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक मिळतो. आधार किंवा वाहन परवान्यावरून तो मोफत काढता येतो. तो ऐच्छिक आहे. नसला म्हणून उपचार अडवायचे नाहीत. या व्यवस्थेत रुग्णाचे रिपोर्ट दिल्लीतल्या एका कपाटात जाऊन पडत नाहीत. जिथे तयार झाले तिथेच राहतात, आणि रुग्णाने मोबाइलवर संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. दवाखान्याने स्वतःची नोंद आरोग्य संस्थांच्या नोंदवहीत आणि डॉक्टरांनी आपली नोंद व्यावसायिकांच्या नोंदवहीत करून घ्यावी. त्यानंतर दारात क्यूआर कोड लावता येतो. रुग्णाने तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट नोंदणीच्या खिडकीवर येतो आणि टोकन मिळते. टंकण्यातल्या बऱ्याच चुका इथेच टळतात.

एक घोळ मात्र रिसेप्शनवरच मिटवा. आभा म्हणजे पैशाचे कार्ड नव्हे. उपचाराचा खर्च मिळतो तो आयुष्मान कार्डावर किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. फुले योजनेची माहिती १५५३८८ वर मिळते. हे दोन वाक्यांत सांगणारा कागद काउंटरवर चिकटवा. नाहीतर ऑपरेशनच्या वेळी कुटुंब आभा कार्ड घेऊन येते आणि तिथे त्यांची निराशा होते.

पायरी ३: सॉफ्टवेअर पारखून घ्या

विकणाऱ्याच्या डेमोत सगळे छान चालते, कारण त्यातला रुग्ण त्याचाच असतो. तुमचे वीस खरे केसपेपर नावे झाकून त्याच्यापुढे ठेवा आणि ‘हे तुमच्यात भरून दाखवा’ म्हणा. सिस्टरलाच खुर्चीवर बसवा, मालकाने बसू नये. तिला बीपी टाकायला किती क्लिक लागतात, ते बघा.

मग हे प्रश्न विचारा. ॲलर्जी प्रत्येक पानाच्या माथ्यावर दिसते का? चिठ्ठी मराठीत छापता येते का? इंटरनेट गेले तर काम चालू राहते का आणि परत आल्यावर नोंदी आपोआप जुळतात का? कुणी कुठली नोंद कधी बदलली याचा इतिहास राहतो का? आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी आज सुरू आहे, की ‘लवकरच’ आहे? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: उद्या आम्ही तुम्हाला सोडले तर सगळी माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात किती दिवसांत द्याल, आणि त्याचे किती पैसे घ्याल? याचे उत्तर करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर वर्षानुवर्षांच्या नोंदी ओलीस ठेवू नका.

आजारांची नावे निवडून टाकायची सोय हवी, मोकळे टंकायची नव्हे. एकाने ‘शुगर’, दुसऱ्याने ‘मधुमेह’, तिसऱ्याने ‘डीएम’ लिहिले की पुढे मधुमेहाच्या रुग्णांची यादी कधीच नीट निघत नाही. यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. त्यातली ‘स्नोमेड सीटी’ ही वैद्यकीय शब्दसंहिता भारतात मोफत वापरता येते, आणि तिचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आहे. विकणाऱ्याला ही दोन नावेही माहीत नसतील तर पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

फुकट सॉफ्टवेअरचे पर्यायही आहेत. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या गरजेतून वाढलेले ‘बहमनी’ मुक्त स्वरूपात मिळते. मात्र ते बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो, आणि त्याचा पगार हिशेबात धरायला हवा. एका डॉक्टरच्या दवाखान्याला पहिल्या वर्षी नीट आखलेली एक्सेलची फाइलसुद्धा पुरते. रकाने सात ठेवा: नाव, गाव, मोबाइल, आजार, शेवटची भेट, पुढची तारीख, शेवटचा बीपी किंवा शुगर.

पायरी ४: काय टंकायचे आणि कुणी

सगळे टंकायला गेलात तर ओपीडीची रांग रस्त्यावर येईल आणि महिनाभरात डॉक्टर कागदाकडे परत जातील. पाच गोष्टी मात्र टंकल्याच पाहिजेत: ॲलर्जी, चालू औषधे, मुख्य आजार, वजन-बीपी, आणि पुढची तारीख. बाकीचा तपशील डॉक्टरांनी हाताने लिहिला आणि त्या पानाचा फोटो खात्यात जोडला तरी चालते.

वजन-बीपी सिस्टरने मोजताक्षणी टाकावे. चिठोऱ्यावर लिहून दुपारी भरायचे ठरवले की आकड्यांची अदलाबदल ठरलेलीच. लहान मुलांचे वजन प्रत्येक भेटीला हवेच, कारण त्यांचा डोस वजनावर ठरतो. एककांकडे बारीक लक्ष द्या. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. तिथे मिलिग्रॅम पडले तर डोस हजारपट लिहिला जातो. सॉफ्टवेअरमध्ये एकक आधीच पक्के करून ठेवा, दर वेळी निवडायला लावू नका.

जुने सगळे केसपेपर एकदम भरायचा हट्टही नको. जो रुग्ण आज आला त्याचा आज भरा. सहा महिन्यांत नेहमी येणारे बहुतेक जण आपोआप आत येतात. जे येत नाहीत त्यांच्या जुन्या फाइली कपाटात नीट राहू द्या. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे.

पडदा कुठे ठेवता यालाही अर्थ आहे. डॉक्टर पडद्याकडे तोंड करून आणि रुग्णाकडे पाठ करून बसले तर ‘डॉक्टरसाहेबांनी बघितलंच नाही’ ही तक्रार होणारच. टेबलाच्या कडेला तिरका ठेवा, म्हणजे दोघांनाही दिसेल. ‘बघा काका, जूनमध्ये बीपी १६८ होता, आता १३८ आलाय’ असे आलेखावर दाखवले तर गोळ्या चालू ठेवायचे महत्त्व वेगळे समजवावे लागत नाही.

पायरी ५: औषधांची यादी खरी ठेवा

‘चालू औषधे’ म्हणजे तुम्ही दिलेली नव्हेत, रुग्ण खरोखर घेतो ती. दुसऱ्या डॉक्टरांची, गावातल्या मेडिकलमधून परस्पर आणलेली, वैद्यांचा काढा किंवा भस्म, सगळी. उसाच्या शेतात राबून कंबर धरली म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणारी कितीतरी माणसे आपल्याकडे आहेत आणि ती त्याला औषध मानतच नाहीत. म्हणून स्पष्ट विचारा: ‘अंगदुखीला, कंबरेला काही घेताय का?’ बीपी चढलेला असताना किंवा किडनी अशक्त असताना हीच गोळी घात करते. पिशवीतली रिकामी पाकिटे टेबलावर काढायला सांगणे, हा अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

यादी खरी असेल तरच सॉफ्टवेअरचे इशारे कामाचे ठरतात. पण सगळे इशारे चालू ठेवले तर दर चिठ्ठीला पाच-सहा खिडक्या उघडतात, आणि डॉक्टर न वाचता बंद करायला शिकतात. मग खरा धोक्याचा इशाराही त्याच ओघात बंद होतो. सुरुवातीला मोजके ठेवा: नोंदवलेली ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर वेदनाशामक, किडनीचे काम खूप कमी असताना शुगरची मेटफॉर्मिन गोळी, गरोदरपणात टाळायची औषधे. महिन्याने बघा, कुठले इशारे वाचले गेले आणि कुठले नुसते बाजूला सारले.

छापील चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, आणि खाली मराठीत वेळ: ‘सकाळी नाश्त्यानंतर १, रात्री जेवणानंतर १’. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राची चित्रे चालतात. अक्षरे मोठी ठेवा.

पायरी ६: न आलेल्यांची यादी

आतापर्यंतचे सगळे कष्ट या यादीसाठी आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपले शेजारी सातारा आणि सिंधुदुर्ग होते. ठरावीक औषधोपचार, औषधांचा अखंड पुरवठा, सिस्टर आणि आरोग्यसेवकांवर सोपवलेली कामे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची सूत्रे. त्यासाठी वापरलेल्या ‘सिंपल’ या ॲपमध्ये रुग्णाच्या कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की खाते उघडते, आणि तारीख उलटून गेलेल्यांची यादी आपोआप समोर येते. हीच पद्धत तुमच्या दवाखान्यात उतरवा.

दर सोमवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर, तारीख उलटून आठवडा झालेल्यांची यादी काढा. हे एकाच व्यक्तीचे काम ठरवा आणि त्यासाठी तिला तासभर मोकळा द्या. मेसेजवर भिस्त ठेवू नका, फोन करा. बोलणे साधे असावे: ‘नमस्कार काका, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. तुम्ही येणार होता, दिसला नाही, म्हणून फोन केला. तब्येत बरी हाय न्हवं?’ रागावायचे नाही. फोन दुसऱ्याने उचलला तर आजाराचे नाव काढायचे नाही, फक्त निरोप ठेवायचा.

न येण्याचे कारण विचारा आणि नोंदवा, कारण प्रत्येक कारणाला उपाय वेगळा असतो. ‘बरं वाटलं म्हणून सोडल्या’ म्हणणाऱ्याला आणखी दोन मिनिटे द्या: बीपी आटोक्यात आहे तो गोळीमुळेच, आणि पक्षाघाताच्या आधी बीपी काही सांगून येत नाही. ‘शिफ्ट असते’ म्हणणारा शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीतला, नाहीतर इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा असेल, तर संध्याकाळची वेळ राखून ठेवा. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्याला स्वस्त जेनेरिक गोळी किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवा. दुसरीकडे उपचार घेत असेल तर खात्यावर तसे लिहून यादीतून काढा. रुग्ण वारला असेल तर घरच्यांशी चार शब्द बोला आणि नोंद त्याच दिवशी बंद करा; वारलेल्या माणसाच्या नावाने पुन्हा फोन जाणे घरच्यांना फार लागते.

गळीत हंगामाचा विचार वेगळा करा. ऊस तोडायला मराठवाड्यातून आलेली कुटुंबे काही महिने आपल्याकडे असतात आणि मग निघून जातात. त्यांच्यातल्या बीपी-शुगरवाल्यांना, गरोदर बायांना जाताना एका पानाचा छापील गोषवारा द्या, आणि त्यांची इच्छा असेल तर आभा काढून रिपोर्ट त्याला जोडून द्या. टोळी कधी हलणार हे मुकादमाला ठाऊक असते. त्याच्याकडून तारीख घेऊन ठेवा.

तिमाहीला एकच आकडा भिंतीवर लावा: या तीन महिन्यांत नोंदणीतल्या किती जणांचा शेवटचा बीपी १४०/९० च्या खाली होता. जे आलेच नाहीत त्यांनाही एकूण संख्येत धरायचे. त्यांना वगळले तर आकडा सुंदर दिसतो, पण तो खरा नसतो.

पायरी ७: रिपोर्ट आणि रेफर

लॅबमध्ये पोटॅशियम किंवा हिमोग्लोबिन धोक्याच्या पातळीवर आले तर ते नुसते सॉफ्टवेअरमध्ये टाकून लॅबचे काम संपत नाही. कुठल्या आकड्यांना ताबडतोब फोन करायचा याची यादी लॅब आणि डॉक्टरांनी मिळून ठरवावी. फोन कुणी केला, कुणी घेतला, किती वाजता, हे नोंदवा, आणि घेणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवावा.

चंदगडहून कोल्हापूर शंभरेक किलोमीटर आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला तिथून गाडीत घालण्याआधी ईसीजी काढा, आणि त्याचा सरळ, सावली न पडलेला फोटो हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच द्यायचे की रुग्णाला पुढे न्यायचे, हे रस्त्यावरचे दोन तास जाण्याआधी ठरते. असा फोन घेणारे दोन-तीन तज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. मात्र एक्स-रे किंवा सीटीचा पडद्यावरून काढलेला फोटो पाठवून निदान मागू नका. त्यात बारीक गोष्टी हरवतात. मूळ डिजिटल फाइल पाठवा.

सीपीआरला (कोल्हापूरचे मोठे सरकारी रुग्णालय) किंवा मोठ्या खासगी रुग्णालयाला रेफर करताना छापील पानावर सहा ओळी पुरतात: का पाठवतोय, आल्यापासून काय झाले, कुठले औषध किती वाजता दिले, ॲलर्जी, चालू औषधे, तुमचा फोन. दोन दिवसांनी तिकडे फोन करून डिस्चार्ज कार्ड मागवा आणि खात्यात जोडा. हा परतीचा कागद बहुतेक ठिकाणी येतच नाही, आणि मग ऑपरेशन झालेला माणूस तुमच्याकडे जुन्याच गोळ्या मागतो.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासत असाल तर २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे वाचून ठेवा. रुग्णाची ओळख पटवणे, संमती आणि चिठ्ठीची नोंद लागते, आणि अमली व शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालची) औषधे अशा भेटीत लिहिता येत नाहीत. सरकारी ‘ई-संजीवनी’वर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो; घाटातल्या वाड्यांवरच्या रुग्णांना ते जरूर सांगा.

पायरी ८: कुलूप

प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. सगळे एकाच नावाने आत शिरत असतील तर चुकीची नोंद कुणी केली हे कधीच कळत नाही. रिसेप्शनला पत्ता आणि टोकन दिसावे, निदान दिसायची गरज नाही. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांच्या नोंदी फक्त उपचार करणाऱ्यांना दिसाव्यात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय ही माहिती उघड करण्याला बंदी आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. पण दंडापेक्षाही गावात झालेली चर्चा त्या रुग्णाचे जगणे कठीण करते, हे स्टाफला आधी समजावा. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुग्णाचे नाव दिसणारा रिपोर्ट टाकणे आजपासून बंद करा.

रुग्णांनाही त्यांचा हक्क सांगा. आपल्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात, असे २००२ ची आचारसंहिता सांगते. तसा फलक लावा. घरातल्या एका जाणत्या मुलामुलीला आजी-आजोबांची औषधांची यादी आणि शेवटचे डिस्चार्ज कार्ड मोबाइलमध्ये ठेवायला सांगा.

नोंदींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दवाखान्याबाहेर. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून एक खाते खरोखर उघडून बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. कोरे केसपेपर, कार्बन, छापील औषधतक्ता अशी एक पेटी काउंटरखाली तयार असू द्या. वीज गेली तरी तीच उपयोगी येते.

पायरी ९: पुराच्या आधी

हे काम फक्त आपल्याकडचे आहे, म्हणून वेगळे लिहितो. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तुमच्या नोंदींत गावाचे नाव नीट भरलेले असेल तर पाणी चढायला लागताच एक यादी काढता येते: चिखली, आंबेवाडी, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर अशा पाण्यात जाणाऱ्या गावांतले डायलिसिसवरचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, आणि पुढच्या तीन आठवड्यांत बाळंतपणाची तारीख असलेल्या बाया.

ही यादी ३९ फुटांना छापा, तेव्हाच फोन करा. डायलिसिसवाल्यांना रस्ता बंद होण्याआधी ज्या बाजूला डायलिसिस मिळेल त्या बाजूच्या नातेवाइकांकडे जायला सांगा. बाकीच्यांना महिन्याच्या गोळ्या आणि इन्सुलिन बर्फाच्या डब्यासह द्या. गरोदर बायांची नावे त्या गावच्या आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे बोट येईल तेव्हा कुणाला आधी काढायचे हे त्यांच्या हातात लिहिलेले असेल. त्याच दिवशी तळमजल्यावरचा संगणक, यूपीएस आणि फाइली वर चढवा, आणि नोंदींची एक ताजी प्रत गावाबाहेर पाठवा.

पाणी ओसरल्यावर महिनाभर तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या खात्यात गाव आणि तो पुराच्या पाण्यातून चालला होता का, हे दोन रकाने भरा. एकाच गावातून तापाचे तीन-चार रुग्ण आले की लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूची शंका धरून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन करा.